‘च’ कुठे लावायचा

दोन नोव्हेंबरच्या दुपारी वसईतल्या आमच्या गावात एकही रिकामी बादली घरी सापडत नाही. सगळ्या सिमेटरीत असतात. बायका कबरींवरचं शेवाळ घासतात, पुरुष पाणी आणून देतात आणि उरलेला वेळ गप्पा मारतात, पोरं मेणबत्त्यांना वारा लागू नये म्हणून प्लास्टिकच्या कापलेल्या बाटल्या आडोशाला लावतात. संध्याकाळी फादर येऊन मिस्सा अर्पण करतात, कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. अंधार पडला की सगळी सिमेटरी जमिनीकडून उजळते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हे पहिल्यांदा पाहिलं, आणि नगरच्या प्रॉटेस्टंट मुलीच्या मनात यावं तेच माझ्या मनात आलं: ही तर दिवाळी झाली!

मी नगरची. कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तिथे ठाणं मांडलं, आणि आमचं घराणं त्याच झाडाची एक लांबची फांदी. माहेरी पाळकसाहेब, उपासना, प्रभुभोजन. सासरी फादर, मिस्सा, कम्युनियन. जनगणनेच्या कागदावर दोन्हीकडे एकच शब्द, ‘ख्रिस्ती’. बाकी भाषा वेगळी, आडनावं वेगळी, माशाचं कालवण तर पूर्णच वेगळं. आणि मेलेल्या माणसांचं काय करायचं, हेही वेगळं.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझे बाबा गेले. नोव्हेंबरात आई आमच्याकडे राहायला आली होती. ऑक्टोबर संपत आला की इथल्या चर्चमध्ये पाकिटं मिळतात. वर आपल्या घरातल्या मृतांची नावं लिहायची, आत जमेल ती रक्कम घालायची. मग नोव्हेंबरभर मिस्सात त्या नावांसाठी प्रार्थना होते. माझ्या सासूबाई, मी त्यांना मम्मी म्हणते, दरवर्षी हे पाकीट गिचमिड अक्षरात काठोकाठ भरतात. आईवडील, भाऊ, दोन दिवस जगलेलं एक बाळ, शेजारची एक म्हातारी जिला पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. आणि तळाशी एक ओळ कायमची: ‘ज्यांचं कोणी नाही ते.’ गेल्या वर्षी त्या ओळीच्या वर मम्मींनी माझ्या बाबांचं नाव लिहिलं. मला विचारलं नाही. आईला तर नाहीच.

त्या रविवारी आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. लोपीस, डिसोजा, रॉड्रिग्ज अशी नावं चालली होती, आणि मध्येच अस्सल नगरी आडनाव आलं. फादरांनी त्यातलं एक अक्षर गाळूनच वाचलं. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या मम्मी हात जोडून खाली पाहत होत्या.

रात्री दोघी बिरड्याचे वाल सोलायला बसल्या. भिजवून मोड आलेले वाल चिमटीत धरले की साल सुळकन निसटते आणि दाणा कधी वाटीत पडतो, कधी फरशीवर. बराच वेळ फक्त तेवढाच आवाज. मग आई म्हणाली, “विहीणबाई, तुम्ही मायेने केलंत, ते कळतं मला. पण त्यांच्यासाठी आता मागायचं काय राहिलंय? सगळं झालं. वधस्तंभावरच झालं.”

“झालंच ना,” मम्मी म्हणाल्या. “मी कुठे नाही म्हणते? पण मागितलेलं वाया जात नाही.”

“आणि पाकिटात पैसे?”

“ते चर्चला. देवाला काय करायचेत?”

एवढंच. पुढे वाल सोलून झाले, दोघी झोपायला गेल्या. मी मात्र ओट्यापाशी उभी राहून विचार करत बसले की जर्मनीत ज्यावरून राज्यं फुटली, ते भांडण माझ्या स्वयंपाकघरात चार वाक्यांत आटोपलं, आणि कोणी जिंकलंही नाही.

आईची चीड मला समजते. तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पहिल्यांदा काय सोडलं, तर पितरांना पान ठेवणं. गावाने त्यावरून वाळीत टाकल्यासारखं वागवलं. त्यामुळे नोव्हेंबरचं पाकीट तिला नुसतं कॅथलिक वाटत नाही, मागच्या दाराने परत आलेलं श्राद्ध वाटतं. “आजोबांनी पान सोडलं ते काय मेणबत्त्या लावायला?” असं ती एकदा मला म्हणाली होती. मम्मींपुढे नाही म्हणाली, हे तिचं सौजन्य.

पैशाचा प्रश्न मात्र जुना आहे. बाबा नगरच्या एका बँकेत सोनेतारण विभागात होते. उभा जन्म लोकांच्या बांगड्या आणि मंगळसूत्रं तोलण्यात गेला. ‘तारण’ या शब्दाची गंमत त्यांना जेवढी कळली तेवढी आमच्या पाळकसाहेबांनाही कळली नसेल. चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका. बँकेत तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. घरी येऊन म्हणायचे, “आज सात जणांचं तारण केलं. आठव्याचं सोनं खोटं निघालं.” आई रागवायची.

जर्मनीतल्या विटेनबर्गची, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाल्याची, गोष्ट मी त्यांच्याकडूनच बँकेच्या भाषेत ऐकली. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त आधीच माग्देबुर्गचा आर्चबिशप होता. त्याला माइन्झचीही गादी हवी होती. त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्याने फुगर या सावकारी पेढीकडून उचलली. कर्ज फिटावं म्हणून पोप दहावे लिओ यांनी त्याच्या मुलखात पापदंडमाफीची पत्रं विकायला मुभा दिली: निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटरच्या बांधकामाला, निम्मे फुगरकडे. योहान टेट्सेल गावोगाव फिरून ही पत्रं खपवत होता. सॅक्सनीच्या शासकाने त्याला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही, तर विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून युटरबोगला जाऊन ती घेऊन येत. आपल्यासाठी, आणि मेलेल्या नातलगांसाठी. बाबा विचारायचे, “मग सांग, या कर्जाला तारण काय होतं?” आणि स्वतःच उत्तर द्यायचे: “लोकांच्या मेलेल्या आया.”

३१ ऑक्टोबर १५१७ ला विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथर या मठवासी प्राध्यापकाने याच आल्ब्रेख्तला पत्र लिहिलं आणि सोबत ९५ मुद्दे जोडले. चर्चच्या दारावर त्याने ते खिळ्याने ठोकले की नाही यावर इतिहासकार भांडतात. पत्र गेलं, यावर कोणी भांडत नाही.

इथे मला सासरची बाजूही मांडली पाहिजे, कारण आम्ही नगरला ती अर्धीच शिकलो. त्या पत्रांनी पाप माफ होतं असं कॅथलिक शिकवणीत तेव्हाही नव्हतं. पाप माफ होतं ते पश्चात्तापाने आणि कबुलीने. पण पोराने शेजारणीची काच फोडली, तिने त्याला माफही केलं, तरी काच भरून द्यायची राहतेच. ते राहिलेलं देणं माणूस इथे फेडतो, नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात. सूट मिळते ती त्या देण्यात. टेट्सेलच्या बाजारात हा फरक कोण समजावून सांगत बसणार? पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी या माफीशी जोडलेला पैशाचा व्यवहार बंद केला. माफी मात्र आजही आहे, फुकट. नोव्हेंबरच्या पहिल्या आठ दिवसांत सिमेटरीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, कबुली आणि कम्युनियन घेतलं, तर ती त्यांच्या नावे लागते. मम्मी आठही दिवस जातात. गुडघा दुखत असला तरी.

पुस्तकंही सारखी नाहीत. आईच्या बायबलात ६६ पुस्तकं, मम्मींच्या बायबलात ७३. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा जो आधार मम्मींचे फादर सांगतात, तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. युद्धात पडलेल्यांसाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून यरुशलेमला यज्ञ करायला पाठवतो. आईच्या बायबलात ते पुस्तकच नाही. तेव्हा वाद घालायचा तरी कुठल्या पानावर बोट ठेवून?

पण खरं सांगायचं तर पाकीट, पैसे, शुद्धिस्थान ही सगळी वरची साल. आतला दाणा वेगळा आहे, आणि तो भीतीचा आहे.

ल्यूथर वकील व्हायला निघाला होता. जुलै १५०५ मध्ये स्टोटर्नहाइम गावाजवळ वादळात वीज जवळ कोसळली, आणि घाबरून त्याने संत अ‍ॅनाला नवस केला की वाचलो तर मठात जाईन. पंधरा दिवसांत तो एरफुर्टच्या मठात होता. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडणं, आणि तासन्‌तास पापांची कबुली. कबुली देऊन बाहेर पडला की एखादं राहिलेलं आठवायचं आणि परत आत. त्याचे वरिष्ठ श्टाउपित्स कंटाळून गेले होते. प्रश्न एकच होता: किती केलं म्हणजे पुरे? आणि कर्मांना ‘पुरे’ म्हणता येत नाही. दिलेल्या प्रत्येक भाकरीमागे एक न दिलेली भाकरी असतेच. मग बायबलातलं पौलाचं रोमकरांस पत्र शिकवताना त्याला वाटलं की देवाचं नीतिमत्त्व हे मोजमापाचं दांडकं नाही, ते देव माणसाला देऊन टाकतो. माणूस फक्त हात पुढे करतो. त्या रिकाम्या हाताचं नाव विश्वास.

१५२२ मध्ये त्याने नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या अठ्ठाविसाव्या वचनात एक शब्द जास्तीचा घातला. मूळ ग्रीकमध्ये आहे की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने लिहिलं, ‘फक्त विश्वासाने’. विरोधक तुटून पडले. १५३० मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यातून त्याने भाषांतराबद्दल एक खुलं पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा कुठल्याही भाषांतरकाराला गुदगुल्या करील: लॅटिनला विचारू नका जर्मन कसं बोलायचं, घरातल्या आईला विचारा, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या माणसाला. शेतकरी धान्य आणतो आणि पैसे आणत नाही, तर जर्मन माणूस सहज म्हणतो, ‘फक्त धान्य आणतो.’

मराठीत त्याला एवढाही शब्द लागला नसता. आपल्याकडे ‘च’ आहे. शेतकरी धान्यच आणतो. विश्वासानेच. एका अक्षरात काम.

हा ‘च’ माझ्या डोक्यात बसला तो कायमचाच (पाहा, इथेही आला). कारण आईच्या जुन्या पवित्र शास्त्रात इफिसकरांस पत्रात ‘कृपेनेच’ तारण झालं असं आहे, आणि लगेच पुढे ‘विश्वासाच्या द्वारे’. ‘च’ कृपेला आहे, विश्वासाला नाही. आणि याकोबाच्या पत्रात तर उलटंच: माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. अख्ख्या बायबलात ‘केवळ विश्वास’ हे दोन शब्द एकत्र एकदाच येतात, आणि येतात ते नकार सोबत घेऊन. ल्यूथर याकोबाच्या पत्राला १५२२ च्या प्रस्तावनेत गवताचं पत्र म्हणाला, ते काय उगाच नाही.

आणखी एक. पौलाच्या पत्रांत मराठी बायबल ‘कर्मे’ म्हणतं, याकोबाच्या पत्रात ‘क्रिया’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे. मराठी कानाला मात्र केवढा फरक! कर्म म्हटलं की मागे कर्मकांड, कर्मफळ, कर्मभोग असा लवाजमा येतो. त्याने तारण होत नाही हे ऐकायला इथला नवा ख्रिस्ती माणूस उत्सुकच असणार. क्रिया म्हणजे नुसतं करणं, त्याला ना जात ना जन्म. माझा संशय असा की भाषांतरकारांनी पौल आणि याकोब यांचं भांडण मराठी वाचकाच्या नजरेआड सोडवून टाकलं. दोघांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या की झालं.

ऑफिसातल्या माझ्या अय्यंगार मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, “हे तर आमचं माकड आणि मांजर.” अय्यंगारांचे दोन पंथ. वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं, तसं भक्ताने धरलं पाहिजे. तेंकलै म्हणतात, मांजर पिल्लाला मानगुटीला धरून उचलते, पिल्लाने काहीच करायचं नसतं. मी म्हटलं, मग तुम्ही यावर युद्धं नाही केलीत? ती म्हणाली, “कोर्टात गेलो. देवळातल्या हत्तीच्या कपाळावर कुणाचं नाम काढायचं यावरून.” बरं वाटलं. माणसं सगळीकडे सारखीच.

आता ट्रेंट, म्हणजे ल्यूथरला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने ट्रेंट या गावी भरवलेली परिषद. आमच्या संडे स्कूलमध्ये ट्रेंट हे नाव खलनायकासारखं यायचं: तिथे कॅथलिकांनी ठरवलं की तारण कर्मांनी होतं. मी ते चाळिशी उलटेपर्यंत खरं मानलं. मग एकदा नवऱ्याशी वाद घालायला दारूगोळा हवा म्हणून ती कलमं वाचायला घेतली. परिषदेची सहावी बैठक, १३ जानेवारी १५४७. १६ प्रकरणं आणि ३३ कलमं. पहिलंच कलम वाचून मी गप्प झाले. ख्रिस्ताच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो शापित असो. ही तर माझ्या आईची भाषा! म्हणजे ‘कृपेनेच’ इथपर्यंत दोघांचं एक आहे. नववं कलम मात्र थेट ल्यूथरच्या अंगावर येतं: ‘विश्वासानेच’ असं म्हणून दुसरं काहीच लागत नाही असा अर्थ काढेल तोही शापित. एक ‘च’ मान्य, दुसरा नामंजूर.

हे त्यांनी ठरवलं तेव्हा ल्यूथर मरून अकरा महिने झाले होते.

गोची अशी की ‘विश्वास’ म्हणताना दोघं वेगळ्या वस्तूबद्दल बोलत होते. ट्रेंटच्या तोंडी विश्वास म्हणजे शिकवलेलं खरं मानणं. तेवढं तर सैतानही मानतात आणि थरथर कापतात, हे याकोबानेच लिहिलंय. त्याला आशा आणि प्रीती यांची जोड लागते, मग ते जिवंत. ल्यूथरच्या तोंडी विश्वास म्हणजे भरवसा, अंग टाकून देणं. त्यातून चांगली कृत्यं फळासारखी येतातच, पण झाड फळांमुळे झाड होत नाही.

हे मी त्या दोघींपुढे मांडून पाहिलं, वालांच्या रात्रीनंतर काही दिवसांनी. आई जन्मभर नर्स होती. ती म्हणाली, “पेशंट म्हणतो डॉक्टरांवर फार विश्वास, आणि गोळ्या उशीखाली सारतो. तो कसला विश्वास?”

मम्मी लगेच म्हणाल्या, “म्हणजे गोळी घ्यायला लागते. तेच तर आम्ही म्हणतो.”

“गोळी घेणं हे काय काम झालं? बरं करतं ते औषध.”

“मग घशाखाली कोण ढकलतं?”

आई बोलायची थांबली, मग हसली. माझी आई वादात हसली म्हणजे पुढचा मुद्दा तिच्याकडे आहे पण वेळ नाही, असं समजायचं.

मम्मींचा पुण्याबद्दलचा हिशोबही मी गृहीत धरला होता तसा निघाला नाही. त्यांच्या वाडीतल्या अळवाचे कंद त्यांच्या माहेरून आलेले. दर श्रावणात त्या पहिली अळवाची जुडी माहेरी पोचवतात. मी एकदा म्हटलं, त्यांचंच त्यांना? त्या म्हणाल्या, “त्यांचंच. पण पाणी मी घातलं ना. त्यांना आनंद होतो.” ट्रेंटच्या सोळाव्या प्रकरणात हेच आहे, संत ऑगस्टीनकडून आलेलं: देव माणसाच्या पुण्याईला मुकुट घालतो तेव्हा आपल्याच देणग्यांना घालतो. मला अळवाची जुडी जास्त पटते.

आणि कर्मांनी तारण नाही असं घोकणाऱ्या आमच्या लोकांनी काय केलं? सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला उतरली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. आईने रात्रपाळीत किती जणांची भांडी उचलली याची मोजदाद नाही. विचारलं तर म्हणते, “माझी कृत्यं म्हणजे यशया म्हणतो तशी मळकी चिंधी.” हे ती नम्रतेने म्हणते की थोड्या ताठ्याने, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा कामाच्या बाबतीत दोघींत फरक काढणं अवघड. फरक खरा दिसला तो बाबांच्या आजारपणात.

आईच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर एक तारीख आहे. एकोणीस वर्षांची असताना एका उज्जीवन सभेत ती पुढे गेली, तो दिवस. तिचं तारण झालं. ‘होईल’ नाही, ‘झालं’. लहानपणी कोणी पाहुणा प्रचारक आला की आम्हा मुलांना विचारायचा, तुझं तारण कधी झालं? माझ्याकडे तारीख नव्हती. मी दर वर्षी वेगळी सांगायचे. मम्मींना हा प्रश्न विचारला तर त्यांना तो उर्मट वाटेल. जेवण पानात पडायच्या आधी ढेकर द्यावी तसं. ट्रेंटच्या नवव्या प्रकरणात अगदी हेच बजावलंय: देवाच्या दयेवर शंका घेऊ नये, पण आपण कृपेत आहोत हे कोणालाही विश्वासाच्या पक्क्या खात्रीने कळू शकत नाही. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला कोर्टाने पेचात पकडायला विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर उद्धट, नाही म्हटलं तर गुन्हेगार. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे नेवो. असेन तर तिथेच ठेवो. निरक्षर पोर होती. मम्मी याहून वेगळं बोलल्या नसत्या.

ल्यूथरच्या दृष्टीने हे ‘असेन तर, नसेन तर’ म्हणजेच तो एरफुर्टचा छळ. त्याला ‘आहे’ हवं होतं. तो दुसरा ‘च’ त्याने घातला तो व्याकरणासाठी नाही, झोप लागावी म्हणून. मराठीत आपणही ‘च’ तिथेच लावतो जिथे शंका बंद करायची असते.

बाबांच्या शेवटच्या महिन्यात आई उशाशी बसून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचायची. मरण, जीवन, उंची, खोली, कशानेच देवाच्या प्रीतीपासून तुटणार नाही तो. मम्मी वसईहून एसटीने आल्या, दोन आठवडे राहिल्या, बाबांचे पाय चोळले, पेज भरवली, आणि पदराखाली रोझरीचे मणी ओढत राहिल्या. आईला दिसत होतं. ती काही बोलली नाही. एका दुपारी बाबा मला म्हणाले, “तुझी आई म्हणते मी पोचलोच. तुझी सासू म्हणते, पोचाल. बँकेत असतो तर म्हटलं असतं, एकीने कर्ज निल केलं, दुसरी अजून पावत्या फाडतेय.” मी विचारलं, तुम्हाला कुणाचं पटतं? थोडं थांबून म्हणाले, “रात्री आईचं.”

दिवसाचं विचारायचं माझ्या मनात होतं. तेवढ्यात त्यांना खोकला आला.

ल्यूथर गेला तेव्हा त्याच्या जवळ एक चिठ्ठी सापडली. शेवटची ओळ: आपण भिकारी आहोत, हे खरं. जन्मभर खात्रीसाठी भांडलेल्या माणसाचं शेवटचं लिखाण पुढे केलेल्या रिकाम्या हाताचं. हे वाक्य मी मम्मींना सांगितलं, कुणाचं ते न सांगता. त्यांनी विचारलं, “कुठल्या संताचं?”

हे भांडण मिटता मिटता राहिलं, तेही एकदा. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्गला सम्राटाने दोन्हीकडच्या विद्वानांना बसवलं. प्रॉटेस्टंटांकडून मेलांख्थॉन आणि ब्यूत्सर, कॅथलिकांकडून योहान एक् आणि ग्रॉपर, आणि पोपतर्फे कार्डिनल कॉन्तारिनी. नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावर त्यांचं चक्क एकमत झालं. मग गाडी अडली ती प्रभुभोजनाच्या भाकरीवर: ती भाकरीच राहते, की ख्रिस्ताचं शरीर होते. एकमताचा तो मसुदा रोमला पसंत पडला नाही, आणि ल्यूथरला तो ठिगळं जोडून शिवलेला वाटला. दोन्हीकडच्यांना एकाच वेळी नापसंत पडलेला कागद म्हणजे बहुधा बराच खरा असणार, असं मला आपलं वाटतं. पाच वर्षांनी जर्मनीत तलवारी उपसल्या गेल्या.

त्यानंतर साडेचारशे वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला, ल्यूथरच्या पत्राच्याच तारखेला, आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याआधी शंभराहून जास्त जर्मन प्राध्यापकांनी त्याविरुद्ध निवेदन काढलं होतं. प्राध्यापकांचं सगळीकडे असंच. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आले, २०१७ मध्ये विटेनबर्गलाच रिफॉर्म्ड मंडळ्या. घोषणापत्राचं मधलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, फक्त एक अक्षर शोधत. त्याचा मराठी गाभा असा: आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, तर कृपेनेच, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा मिळतो, जो चांगल्या कृत्यांना बळ देतो आणि बोलावतो. ‘च’ कृपेला. विश्वासाला नाही. अगदी आईच्या जुन्या बायबलातल्यासारखं. मग सोबतची पुरवणी उघडली, तर तिथे ‘विश्वासानेच’ हळूच येऊन बसलाय. दोघांच्या सामायिक वाक्यात मावला नाही तो पुरवणीत घातला. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्या घरात अशी पुरवणी नव्हती. वालांच्या रात्रीनंतर दोघी एकमेकींशी पहिल्यापेक्षा जपून बोलत होत्या, एवढंच. आई डिसेंबरात नगरला परत गेली. नाताळाला मम्मींनी वसईची केळी पाठवली, आईने फराळाचे डबे. बाबांच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्याकडे त्याला स्मरणार्थ उपासना म्हणतात, मम्मी नगरला आल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत बाबांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले आणि आम्हा मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागितलं. बाबांसाठी काही मागितलं नाही. बाहेर येताना मम्मींनी मला कोपराने ढोसून विचारलं, “यांच्यासाठी काहीच नाही मागितलं?” मी म्हटलं, आभार मानले ना. त्या विचारात पडल्या.

या वर्षीही ऑक्टोबरच्या शेवटी मम्मी पाकीट घेऊन बसल्या. चष्मा, बॉलपेन, मागच्या वर्षीची यादी. नेमका आईचा फोन आला. मी स्पीकर लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर आईने विचारलं, “ते पाकिटाचे दिवस आले असतील ना?”

मम्मींचं पेन थांबलं.

“हो,” मी म्हटलं.

“नाव घालणार असतील तर आडनाव नीट लिहायला सांग. गेल्या वर्षी फादरांनी अक्षर खाल्लं.” मग जरा वेळाने: “त्यात आभारासाठी वेगळी जागा असते का? मागायचं नाही. नुसते आभार.”

मम्मी फोनकडे वाकून, जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, “आभाराचं पाकीट वेगळं असतं, विहीणबाई. ते वर्षभर मिळतं.”

“मग त्यात घाला.”

“घालते.”

फोन ठेवल्यावर मम्मींनी मला चर्चच्या ऑफिसातून दुसरं पाकीट आणायला पाठवलं. परत आले तेव्हा पहिलं पाकीट बंद करून टेबलावर ठेवलेलं होतं. मी ते उजेडाकडे धरून पाहिलं. तळाशी ‘ज्यांचं कोणी नाही ते’, आणि त्याच्या वर बाबांचं नाव, या वेळी सगळी अक्षरं सुटी सुटी, ठळक. मम्मींनी माझ्या हातातलं दुसरं पाकीट घेतलं आणि त्यावरही तेच नाव लिहायला सुरुवात केली.